बिनपेंढ्याची वीट

रविवारच्या शाळेतल्या मुलांनी त्यांचं नाव फारोकाका ठेवलं होतं. खरं तर फारोचा आणि त्यांचा संबंध एवढाच, की सव्वीस वर्षं ते संग्रहालयाच्या मिसर दालनात पहारेकरी होते. मोशेच्या लोकांना छळणाऱ्या राजाचं नाव आपल्याला चिकटावं याचं दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. यांना नाही. मुलांनी हाक मारली की ते छाती पुढे काढून चालायचे, आणि बायकोच्या मते घरातही त्यांचा तोरा तसाच असायचा.

दालन तसं लहानच. ममीच्या दोन पेट्या, त्यातली एक रिकामी. एक लाकडी उशी, काजळाच्या कुप्या, दगडी भुंगे, जोड हरवलेली एक चामड्याची चप्पल, आणि खिडकीजवळच्या कपाटात मातीची एक कच्ची वीट. शाळेच्या सहली ममीपाशी गर्दी करायच्या आणि विटेकडे पाठ करून डबे कुठे खायचे ते विचारायच्या. दिवसभर उभं राहायचं आणि ‘काचेला हात लावू नका’ म्हणायचं, एवढंच काकांचं काम. अशा कामात माणूस एक तर पेंगतो, नाही तर विचार करतो. काकांनी विचार केला. चर्चच्या मंडळीचं चार पानी मासिक पत्रक निघायचं, त्यात ते दर महिन्याला एक मनन लिहू लागले. दालनातली एक वस्तू घ्यायची, तिच्यावरून शास्त्रातल्या गोष्टीकडे वळायचं आणि तिथून देवापाशी पोचायचं. चपलेवरून त्यांनी जळत्या झुडपापुढे जोडे काढणाऱ्या मोशेवर लिहिलं, लाकडी उशीवरून धोंडा उशाला घेऊन निजणाऱ्या याकोबावर. पाळकसाहेब गमतीनं म्हणाले, की हा माणूस भुंग्यावरूनही वधस्तंभापाशी पोचेल. पुढच्याच महिन्यात ते पोचले.

सगळ्यात गाजलं ते विटेचं मनन. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे वडील वारले. दीड महिना गावी राहून ते कामावर परतले, पण कशातच लक्ष लागेना. एका सकाळी त्यांची नजर विटेवर गेली आणि ते जागच्या जागी थबकले. विटेत पेंढ्याची एक काडी नव्हती. पंधरा वर्षं आपण हिच्यासमोर येरझारा घालतोय आणि हे आपल्याला कधी दिसलं नाही, याची त्यांना लाज वाटली. फारोनं इस्राएली गुलामांना विटेची माती धरून ठेवणारा पेंढा द्यायचं बंद केलं आणि विटा मात्र तेवढ्याच मागितल्या, ही गोष्ट त्यांना लहानपणापासून पाठ होती. आता ती काचेपलीकडे समोर ठेवलेली होती, कोपऱ्यावर अंगठ्याच्या ठशासकट. घरी जाऊन त्यांनी एका बैठकीत लिहून काढलं, की ज्याला कुणीच काही दिलं नाही त्यानंही वीट पुरी केली, आणि त्याचा तो अंगठा देवानं पाहिला.

मंडळीतल्या कपडे शिवणाऱ्या शिवणताईंनी पत्रकातला तेवढा तुकडा कापून मशीनच्या खणात ठेवला. त्याच महिन्यात त्यांचा नवरा अपघातात गेला होता आणि पदरात तीन मुलं होती. पुढे मुलं शिकली, मार्गाला लागली. मंडळीत कुणी खचलं की लोक शिवणताईंकडे बोट दाखवायचे. ही बघा बिनपेंढ्याची वीट, कुणाचा आधार नसताना उभी राहिली. मंडळीच्या वर्धापनदिनाला काकांच्या मननांची पुस्तिका काढून त्यातली काही वाचायचं ठरलं, तेव्हा विटेचं मनन कोण वाचणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुस्तिका शुक्रवारी छापायला जायची होती, आणि मंगळवारी घोटाळा झाला. संग्रहालयात नव्या आलेल्या क्युरेटरबाई एकेक वस्तू तपासत होत्या. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर शाईनं बारीक क्रमांक घातलेला असतो. विटेवर तो नव्हता. बाईंनी कोठार पालथं घातलं तेव्हा तळाच्या फळीवर एका खोक्यात दुसरीच वीट मिळाली, क्रमांकासकट. सोबत चिठ्ठी होती. अकरा वर्षांपूर्वी वीट भुरभुरायला लागली म्हणून दुरुस्तीला काढली, आणि कपाट रिकामं दिसू नये म्हणून साचेकाम करणाऱ्यांनी मागच्या अंगणातल्या मातीची एक वीट करून तिथे ठेवली, ‘आठवड्यापुरती’. काका तेव्हा वडिलांच्या मातीला गेले होते. साचेवाले निवृत्त झाले, तो आठवडा मात्र संपला नाही.

खऱ्या विटेत पेंढा ठासून भरला होता. कडांतून काड्या डोकावत होत्या. बाई हौसेनं सांगत होत्या, की हिला तीन हजारांवर वर्षं झाली असतील, पण ती कुणाच्या हातची हे कुणीच सांगू शकणार नाही. काकांचं लक्ष नव्हतं. देवानं पाहिलेला तो अंगठा साचेवाल्याचा होता, जो रोज चार वाजता त्यांच्या शेजारी बसून बशीत चहा ओतून प्यायचा.

त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. गप्प बसावं असंही एकदा मनात येऊन गेलं. पुस्तिकेत फोटो नव्हता, आणि मंडळीतलं कोण उठून वीट बघायला जाणार होतं? पण खोट्या विटेवर देवाचं नाव कसं घालायचं? आणि सांगावं, तर शिवणताईंच्या खणातल्या कागदाचं काय? अकरा वर्षं ज्या कागदावर ती बाई उभी होती तो आपल्याच हातानं काढून घ्यायचा? शेवटी त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. तिनं हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

“जाऊन सांगा तिला,” ती म्हणाली. “आणि ती काय म्हणते तेही जरा ऐका. तुम्ही आपले बोलतच सुटता.”

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ते तडक शिवणताईंच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली, त्यात दोन मशीन, कापायचं टेबल आणि जमिनीवर चिंध्यांचा ढीग. काकांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वीट खोटी होती, मनन चुकीचं होतं, आणि मला माफ करा. शिवणताईंनी मशीनचं पायडल थांबवलं.

“खऱ्या विटेत पेंढा आहे?” त्यांनी विचारलं.

“भरपूर.”

शिवणताई आधी हसल्या आणि मग पदराऐवजी हातातल्या कापडालाच त्यांनी डोळे पुसले. काका घाबरले.

“बरं झालं, दादा. सुटले मी,” त्या म्हणाल्या. “मी कुठे होते बिनपेंढ्याची? हे गेले त्याच महिन्यात अख्ख्या शाळेच्या गणवेशांचं काम माझ्या दारात आलं. वहिनींनी आणलं ते. चार वेळा मोठ्या बाईंकडे खेटे घातले त्यांनी, आणि कुणाला सांगायचं नाही असं माझ्याकडून वचन घेतलं. लोक म्हणायचे हिला कुणाचा आधार नव्हता, आणि मी मुकाट मान डोलवायची. आता तेच सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं म्हणून आठवडाभर माझा एक टाका सरळ पडत नाहीये.”

काका मटकन स्टुलावर बसले. मनावरचा दगड उतरला होता, पण त्याच्या जागी काय ठेवावं ते त्यांना कळेना. ज्या महिन्यात ते कुणी काही न दिलेल्या माणसावर डोळ्यांत पाणी आणून लिहीत होते, त्याच महिन्यात त्यांची बायको दुपारच्या उन्हात शाळेच्या पायऱ्या चढत होती. संध्याकाळी तिचे पाय का दुखतात हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी तिला विचारलं, की हे मला का नाही सांगितलंस.

“तुम्ही इतकं छान लिहिलं होतं,” ती म्हणाली. “त्यात मी कशाला मोडता घालू?”

काकांनी मनन पुन्हा लिहिलं आणि शुक्रवारी सकाळी छापखान्यात नेऊन दिलं. त्यात अंगणातल्या मातीची सगळी हकिकत होती, स्वतःची फजिती धरून. वर्धापनदिनाला शिवणताई वाचायला उभ्या राहिल्या तेव्हा आधी बरंच हसू झालं. साचेवाल्याच्या अंगठ्यापाशी पाळकसाहेबांना चष्मा काढावा लागला. मग शेवटचा भाग आला. पेंढा बंद झाला तेव्हा त्याची गोष्ट झाली, काकांनी लिहिलं होतं. त्याआधी तो रोज कुणीतरी वाहून आणतच होतं, आणि त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. देवा, ती तुला ठाऊक आहेत. माझ्यासारख्याला मात्र ती विचारावी लागतात, आणि मी विचारली नाहीत.

इथे मनन संपत होतं. पण शिवणताई खाली बसल्या नाहीत. कागदाची घडी घालून त्यांनी तिसऱ्या रांगेकडे बोट केलं.

“माझा पेंढा या वहिनींनी आणला,” त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. काकांच्या बायकोला कुठे बघावं ते कळेना. वचन मोडलं म्हणून ती घरी पोचेपर्यंत रागावलेली होती. शिवणताई अशी कशी, आणि तुम्हीच फूस दिली असणार, असं तिचं वाटभर चाललं होतं. तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून फारोकाका तिच्या मागून चालत होते, आणि पाय दुखतायत का, हे त्यांनी दोनदा विचारलं.