पहिलं पाऊल मागे

माणूस पुढे जाण्यासाठी जन्माला येतो, असं सगळे म्हणतात. आमचे शेजारी मात्र मागे जाण्यासाठी जन्माला आले होते, आणि त्या बाबतीत त्यांचा हात धरणारा माणूस मी टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोतच काय, कुठेच पाहिलेला नाही. बेसबॉलमध्ये ते आयुष्यभर आउटफिल्डर होते. म्हणजे बॅट्समनपासून सगळ्यात लांब, भिंतीच्या थोडं अलीकडे उभं राहायचं आणि उंच उडालेले बॉल पकडायचे. या धंद्याचा पहिला नियम असा की बॅटचा आवाज आला की पहिलं पाऊल मागे टाकायचं. पुढे धावत येणं केव्हाही जमतं, डोक्यावरून गेलेला बॉल परत येत नाही. हा नियम त्यांनी मैदानापुरता ठेवला असता तर प्रश्न नव्हता. पण आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी दार उघडून हात पुढे केला, आणि हे सवयीने मागे सरकून पायरीवरून खाली गुलाबाच्या वाफ्यात. पार्टीत ते कायम सगळ्यात मागच्या भिंतीला टेकून उभे. "सगळं समोर दिसलं पाहिजे," म्हणायचे. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं. इथे मी ते मराठीत देतो आहे. आम्ही सगळे त्यांना कोच म्हणायचो, आणि मुलं कोच काका.

कोच घराबाहेर पडले की आधी वाकून चिमूटभर गवत उपटायचे आणि हवेत सोडायचे. वारा कुठला आहे ते कळावं म्हणून. मग गाडीत बसून, काचा बंद करून, एसी लावून दूध आणायला जायचे. वाऱ्याचा आणि दुधाचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं. "दुधाचा नाही," ते म्हणाले, "पण माझा आहे." त्यांच्या अंगणात दारापासून गाडीपर्यंत गवताचा एक पट्टा पार टकला झाला होता. सूर्यफुलाच्या बिया गालात धरून सालं थुंकत राहणं ही दुसरी सवय. आमच्याकडे जेवणानंतर बायकोने बडीशेप पुढे केली, तर त्यांनी मूठभर गालात भरली आणि थुंकायला जागा शोधत घरभर फिरले. पुढच्या वेळेपासून तिने त्यांच्यासाठी एक वाटी वेगळी काढून ठेवली.

तिसरी सवय सगळ्यात अवघड. कोणी काहीही उचललं की कोच त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. बेसबॉलमध्ये याला बॅकअप म्हणतात. बॉल दुसऱ्याकडे चालला असला तरी आपण त्याच्या मागे पळायचं, त्याच्या हातून सुटला तर असावं म्हणून. बायको कुकर उतरवायला लागली की कोच तिच्या मागे, गुडघे वाकवून, हात पुढे धरून.

"कोच, किचनच्या बाहेर," ती म्हणायची.

"मॅडम, तुमच्या हातून सुटणार नाही हे मला माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी आहे."

मी विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करतो. त्यांना मी सरळ सांगितलं की शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा हे मागे पळणं फुकट जातं. ते म्हणाले, "नव्व्याण्णव तू मोज. शंभरावा मी बघतो."

त्यांच्या कारकिर्दीविषयी ते फार बोलायचे नाहीत. तरुणपण छोट्या गावांच्या संघांतून बसने फिरण्यात गेलं. मग थोडे हंगाम मोठ्या लीगमध्ये. बॅटिंगची सरासरी मी एकदा शोधून काढली होती. तिच्यावरून माणूस मोठा होता असं काही वाटत नाही. पण एक कॅच त्यांनी असा घेतला होता की भिंतीवर चढून पलीकडे जाणारा बॉल पकडला आणि तसेच प्रेक्षकांत, कोणाच्या तरी नाचोंच्या डब्यात पडले. आउट दिला. तो कॅच टीव्हीवर बरेच दिवस दाखवत होते. पुढे अनेक वर्षं ते आउटफिल्डचे कोच होते, आणि एक दिवस क्लबने त्यांना निरोप दिला, कारण कुठे उभं राहायचं हे आता कॉम्प्युटर सांगायला लागला होता. "ते सॉफ्टवेअर आपल्यापैकीच कोणीतरी लिहिलं असणार," असं आमचा संदीप म्हणाला, आणि त्यावर कोणी फारसं हसलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी एकदा आपणहून सांगितली. खेळाडू म्हणून किंवा कोच म्हणून, ज्या ज्या फायनलमध्ये ते होते ती ती हरले होते. "हरल्यावर आउटफिल्डरला सगळ्यात लांबून चालत यावं लागतं," ते म्हणाले. "आणि सगळी वाट समोर दुसऱ्यांची मजा दिसत असते. एकदा तरी ती वाट पळत यायची आहे."

संदीप हा आमच्या मराठी मंडळाच्या क्रिकेट संघाचा कॅप्टन. पुण्याचा. संघ उत्साही, फिल्डिंग भयंकर. मी संघाचा स्कोअरर, त्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो. एका शनिवारी कोच माझ्याबरोबर प्रॅक्टिस बघायला आले. बॉल उंच उडाला. खाली आमचे पाटील काका आणि नागपूरचा मेश्राम.

"घे, मेश्राम, तू तरुण आहेस," पाटील म्हणाले.

"नाही काका, तुम्ही घ्या न."

"अरे घे रे."

बॉल दोघांच्या मधोमध गवतात पडला. दोघांनी एकमेकांना सॉरी म्हटलं. कोच आधी हसले, मग त्यांचा चेहरा लाल झाला, आणि त्या दिवसापासून ते आमचे फुकटचे फिल्डिंग कोच झाले. ज्याचा बॉल त्याने "माझा" म्हणून ओरडायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे पळायचं, ही त्यांची सगळी शिकवण. आमच्या लोकांना ओरडायला सगळ्यात जड गेलं. मोठ्या माणसांसमोर माझा कसं म्हणायचं? पाटलांना तर कोचनी मंडळाच्या जेवणात सराव करायला लावला. शेवटच्या बटाटेवड्यावर त्यांनी "माझा" म्हणून आवाज टाकला तेव्हा पाटील काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. पळण्याबद्दलही पाटलांची कुरकुर होतीच. "कोच, माझे गुडघे पन्नाशीचे आहेत," ते म्हणायचे. "मग लवकर निघा," कोच सांगायचे.

आम्ही जिंकायला लागलो. मधे एक सामना मात्र कोचमुळेच हरलो. मेश्रामने सीमेवर, कोचनी शिकवलं होतं तसा, अप्रतिम कॅच घेतला आणि बॉल घेऊन दोरीपलीकडे पडला. कोच टोपी उडवून नाचायला लागले. अंपायरने दोन्ही हात वर केले.

"म्हणजे काय?" त्यांनी मला विचारलं.

"सिक्स. क्रिकेटमध्ये दोरीला पाय लागला की कॅच नाही."

त्यांनी टोपी उचलून झटकली. "म्हणजे माझा तो कॅच," ते म्हणाले, "तुमच्या देशात सिक्स."

पुढच्या प्रॅक्टिसला ते स्वतःच्या बागेचा पाइप घेऊन आले, सीमा म्हणून मैदानावर अंथरला आणि मेश्रामला शिकवायला लागले: पकड, तोल गेला तर बाहेर जायच्या आधी बॉल आत उडव. आत कोण असेल, असं मेश्रामने विचारलं. कोचनी नुसतं पाटलांकडे पाहिलं.

फायनल शेजारच्या गावातल्या तेलुगू मित्रांच्या संघाशी. शेवटचा बॉल, त्यांना दोन रन हव्या. कोच मेश्रामच्या मागे, सीमेच्या बाहेर उभे. त्यांनी गवत उडवलं आणि मेश्रामला हाताने थोडं डावीकडे सरकवलं. बॅट्समनने बॉल उचलला तो नेमका तिकडेच, आणि वाऱ्याने तो आणखी लांब नेला. मेश्राम पहिलं पाऊल मागे टाकून पळाला, दोरीजवळ उडी मारून त्याने बॉल पकडला, पण अंग बाहेर चाललं होतं. जाता जाता त्याने बॉल आत उडवला. तिथे कोणी असायचं काही कारण नव्हतं. पण लाँगऑनवरून पाटील केव्हाचे निघाले होते, हंगामभर निघायचे तसे, फुकटात. "माझा," असा त्यांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत आला. दोन्ही हातांनी बॉल छातीशी धरून ते गुडघ्यांवर बसले. अंपायरने बोट वर केलं.

सगळे पाटलांवर पडले. कोच क्षणभर टोपी डोक्यावर दाबून तसेच उभे राहिले. मग ते दोरी ओलांडून पळत सुटले. आत, पुढे, सरळ त्या ढिगात. इतक्या वर्षांत त्यांना पुढे पळताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढच्या वसंतात ते मुलीजवळ राहायला ॲरिझोनाला गेले. जाताना घराच्या किल्ल्या मला दिल्या आणि सवयीने एक पाऊल मागे गेले. त्यांच्या अंगणातला टकला पट्टा आता नव्या मालकाने नवं गवत लावून बुजवला आहे. बायको अजूनही कुकर उतरवताना एकदा मागे बघते.

कपचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. मेश्रामच्या बायकोने फोनवर काढलेला. "कोच, या ना, मध्ये उभे राहा," असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण फोन तिच्या हातातून पडला तर, म्हणून ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले, गुडघे वाकवून, हात पुढे धरून. त्यामुळे फोटोत ते नाहीत. घरी येणारे पाहुणे विचारतात की कप मधे आहे, कॅमेरा समोर आहे, मग तुम्ही सगळे जरा वर, पलीकडे, कोणाकडे बघून हसताय?