लॉयल बाई

वहिनींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाहुण्यांना सांगितलं, "शी इज सो लॉयल, यू नो."

मी भज्यांचं ताट धरून उभी. चाळिशीला आलेली बाई मी, आणि चारचौघांत माझ्या डोक्यावरून हात फिरतोय. एक पाहुणी म्हणाली, "कुठून आणलीस गं ही? आमची तर इथे येऊन सहा महिन्यांत पळाली, यार." दुसरी म्हणाली, "हिची एक झेरॉक्स काढून दे मला." सगळे हसले. वहिनी म्हणाल्या, "लॉयल्टी शिकवून येत नाही बाई. ब्लडमध्येच असावी लागते."

ब्लड मला कळलं. तो दुसरा शब्द कळला नाही. विचारायची हिंमत नव्हती. मी कायम मान खाली घालून बोलणारी.

पुण्यात मी या वहिनींकडे धुणंभांडी आणि पोळ्या करायचे. नवरा वारलेला, मागे कोणी नाही. साहेबांना अमेरिकेत नोकरी लागली, मग वहिनींनाही लागली. मुलं सांभाळायला मला बरोबर आणलं. तिथे एडिसन नावाच्या गावात मोठं घर. मला खाली बेसमेंटमध्ये, कपड्यांच्या मशिनशेजारी खाट दिली. पासपोर्ट वहिनींच्या कपाटात. "तुझ्याकडून हरवेल," म्हणाल्या.

त्या घरात भांडी धुवायचं मशिन होतं. सगळ्यांचे कप, ताटल्या त्यात एकत्र जायच्या. माझा कप आणि माझी ताटली नाही. ती दोन्ही खाली, मोरीच्या कडेला. "तुझं तूच विसळ गं, मशिन भरून जातं." मशिन अर्धं रिकामं असायचं. भांडी लावणारी मीच होते, मला दिसत होतं. माझ्या हातची पोळी त्यांना चालायची. माझ्या तोंडाचा कप चालायचा नाही. ते बोटं चाटत जेवायचे आणि मला शिसारी यायची. त्यांची, आणि वाढणाऱ्या माझ्या हातांचीही.

एकदा थोरल्या मुलीची वेणी घालताना मी विचारलं, "रिया, लॉयल म्हणजे काय गं?"

"लाइक, यू डोन्ट लीव्ह."

मला कळलं नाही, तसं तिने मराठी जुळवलं. "म्हणजे मावशी, तू कधी जाणार नाही. आम्ही काय पण केलं तरी."

पोरीने खोटं सांगितलं नाही. घरात ऐकलं तेच सांगितलं.

त्याच वर्षी साहेबांनी कंपनी सोडली. जुन्या कंपनीने थांबा म्हटलं होतं, हे थांबले नाहीत. दुसरीकडे मोठी जागा मिळाली. घरात केक कापला. "मस्त स्विच केलंस," म्हणत मित्र त्यांच्या पाठीवर थापा मारत होते. साहेबांना कोणी विचारलं नाही की तुमची लॉयल्टी कुठे गेली. मी केकच्या बशा गोळा करत होते. तेव्हा मला तो शब्द पुरता कळला. तो शब्द वर बघून कोणी बोलत नाही. खाली बघूनच बोलतात. आमच्या वस्तीत इमान म्हणायचे. पण इमान दोघांनी राखायचं असतं. इथे मी राखायचं आणि यांनी कौतुक करायचं.

मग गौरी-गणपतीला वहिनींच्या सासूबाई यायच्या ठरल्या. सांगलीला मोठ्या मुलाकडे राहायच्या त्या. मला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या यायच्या आदल्या दिवशी वहिनी खाली माझ्या खाटेपाशी आल्या. एरवी कधी यायच्या नाहीत. भिंतीवर मी दोन फोटो लावले होते. एक बुद्धाचा, एक निळ्या कोटातल्या आमच्या बापाचा. ओक ट्री रोडवरच्या भारतीय किराणा दुकानात नागपूरची एक ताई भेटली होती, तिने मला जयभीम घातला आणि पुढच्या वेळी हे फोटो आणून दिले. फोन नंबरही दिला होता.

वहिनी म्हणाल्या, "हे जरा काढून ठेव. आई असेपर्यंत. आणि आडनाव विचारलं तर पवार सांग. मराठा म्हण. नाहीतर त्या तुझ्या हातचं खाणार नाहीत. सगळं कॅन्सल करावं लागेल."

मी म्हटलं, "वर हॉलमध्ये बुद्ध आहे की."

"तो शोपीस आहे गं."

त्यांनी पुन्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू लॉयल आहेस ना आमच्याशी? मग एवढं करशील."

रात्रभर जागी होते. नाही म्हटलं तर कुठे जायचं? रस्ता माहीत नाही, भाषा येत नाही. हो म्हटलं तर भिंत रिकामी करायची आणि माझ्या मेलेल्या माणसांचं नाव पुसून टाकायचं. तेही कशासाठी, तर पुरणपोळी खाल्ली जावी म्हणून.

मी फोटो काढले नाहीत.

गौरीजेवणाला पाहुणे भरले होते. सासूबाई पाटावर. मी पुरणपोळी वाढत होते. त्यांनी एक घास घेतला आणि मान डोलावली. "हात चांगला आहे गं हिचा. काय बाई, कुठल्या तुम्ही? आडनाव काय?"

वहिनी घाईने म्हणाल्या, "पवार, आई. मराठा आहे. घरच्यासारखी."

मी पोळीचं ताट खाली ठेवलं. म्हणाले, "पवार नाही, कांबळे. आम्ही बौद्ध."

मोठ्याने म्हटलं नाही. मला मोठ्याने बोलता येतच नाही. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

सासूबाईंच्या हातात दुसरा घास होता. खायचा की टाकायचा, ठरेना. मग पानात टाकला, पान सरकवलं आणि चूळ भरायला उठल्या. एक पाहुणी दुसरीला म्हणाली, "अगं, त्यात काय एवढं, आपण काही मानत नाही," आणि हळूच स्वतःचंही पान पुढे सरकवलं. ते बघून मला जी किळस आली ती सासूबाईंच्या चुळीचीही आली नव्हती.

वहिनींनी मला किचनमध्ये ओढलं. "इतकं केलं तुझ्यासाठी. अमेरिका दाखवली. आणि ही तुझी लॉयल्टी?"

"माझा पासपोर्ट द्या," मी म्हटलं.

"कोण ठेवून घेणार आहे तुला?"

"पासपोर्ट द्या."

साहेब दारात येऊन उभे होते. "देऊन टाक. उगाच पोलिसांची भानगड नको," म्हणाले. मला नाही, बायकोला.

मी त्यांच्याच घरच्या फोनवरून ताईला फोन केला. ती गाडी घेऊन आली. दोन फोटो, चार साड्या, पासपोर्ट. रिया जिन्यात रडत होती. तिच्यासाठी वाईट वाटलं. तरी निघाले.

दिवाळीच्या सुमारास ताईच्या घरी वहिनींचा फोन आला. "आई गेल्या गं इंडियाला. आता काही प्रॉब्लेम नाही. परत ये. मुलं तुझं नाव काढतात."

मी विचारलं, "कुठलं नाव?"

मी फोन ठेवला.

आता मी दुसरं काम बघते आहे. मुलं सांभाळीन, पोळ्या लाटीन, फरशी पुसीन. पण दारात उभी राहिले की आधी आडनाव सांगेन, मग कामाचं बोलेन. पासपोर्ट माझ्याजवळ राहील. आणि मला लॉयल म्हणणाऱ्याच्या घरात मी दुसऱ्या दिवशी पाऊल ठेवणार नाही.