आईच्या मशिनीचा नारळ

सातासमुद्रापलीकडच्या पोरांनी माझ्या आईच्या शिलाई मशिनीत भूत बसवलं, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. माझा राग मात्र लोणच्यासारखा मुरला आहे. आज बरणी उघडतोच.

निजामाचं राज्य होतं आणि दुसरी मोठी लढाई अजून पेटायची होती. मी हिंगोलीच्या शाळेत शिकत होतो. आमचे हेडमास्तर गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शेरवानीत वावरायचे, पण शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांचं नुसतं नाव निघालं तरी त्यांना घाम फुटायचा. त्या साहेबांना खूश करायला त्यांनी विलायतेतल्या एका शाळेशी संधान बांधलं. तिकडच्या मुलांनी आणि आम्ही आपापल्या मुलखातल्या यंत्रांची चित्रं एकमेकांना पाठवायची, आणि आपली माणसं त्या यंत्रांशी कशी वागतात तेही कळवायचं, असं ठरलं.

पहिली पेटी तिकडून आली. त्यांचं गाव जहाजं बांधणारं. पेटीत एक मोठा फोटो होता. डोंगराएवढं नवं जहाज, आणि त्याच्या नाकाडावर एक टोपीवाली बाई फीत बांधलेली दारूची बाटली फोडते आहे.

"बाटली फुटली नाही तर अपशकुन मानतात," हेडमास्तर देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाले. "काय शानदार रीत आहे, पाहा!"

आम्ही पाहिलं. कुणीही हसलं नाही. हे ध्यानात ठेवा.

आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी आगगाडीचं इंजिन काढलं. मी आईची मशीन काढली. काळी, हातानं फिरवायची. गल्लीतल्या निम्म्या चोळ्या तिच्याखालून जायच्या. मी तिला खंडेनवमीच्या थाटात काढलं होतं. तेल देऊन लख्ख पुसलेली, हळदकुंकू लावलेली, चाकाला झेंडूची माळ, पुढ्यात फोडलेला नारळ. वर्षभर राबणाऱ्या औजाराला आज सुटी, एवढं वाक्य हेडमास्तरांकडून इंग्रजीत लिहून घेतलं.

काही महिन्यांनी तिकडच्या शाळेचा छापील अंक आला आणि त्यात माझं चित्र! हेडमास्तरांनी तो असा उघडला की जणू नाटकाचा पडदा वर चालला आहे. मग चित्राखालची ओळ त्यांनी मराठीत करून सांगितली. हिंदुस्थानातल्या मुलाला वाटतं की यंत्रात भूत राहतं, आणि फुलं वाहिली नाहीत तर ते यंत्र चालू देत नाही.

वर्ग फिदीफिदी हसला. सगळ्यांत मोठ्यानं हेडमास्तर हसले, पार शेरवानीचं वरचं बटण सुटेपर्यंत.

घरी आलो तेव्हा आई चोळीला बाह्या जोडत होती.

"काय म्हणले रे ते लोक आपल्या मशिनीला?"

मी सांगितलं. चाक थांबलं.

"भूत? मी काय मांत्रिकीण हाय काय? सालभर खपती बिचारी, एक दिस तिला बसवली तर भूत? अन् तुहा मास्तर काय म्हणला?"

"हसला."

"हसला! त्याच्या घरचे उशीचे अभ्रे शिवले तवा न्हाई दिसलं त्याला भूत!" तिनं कात्री आपटली. "जवाब धाड. काहून गप बसायचं आपुन?"

मला तो फोटो आठवला. मी लिहिलं, 'तुम्ही जहाजावर बाटली फोडता, आम्ही मशिनीपुढे नारळ फोडतो. मग तुमच्या जहाजात कोण राहतं?'

हेडमास्तरांनी ते वाचलं आणि टराटरा फाडलं. "बेवकूफ! मेहमानांशी हुज्जत घालतोस? साहेबांच्या कानावर गेलं म्हणजे?" आणि स्वतः वळणदार अक्षरात आभाराचं पत्र लिहायला बसले. आभार! कानाखाली खायची आणि वर 'हात दुखला नाही ना' विचारायचं!

आईला हे सांगितलं तर ती उठली. देव्हाऱ्यातला नारळ घेतला, खणाची एक पट्टी मशिनीवर दुमडून शिवली आणि नारळाला बांधली, फोटोतल्या बाटलीला फीत होती अगदी तशी. "लिवलेलं फाडतो ना? मग हे फाड म्हणावं."

पेटी भरायचं काम आम्हा पोरांकडेच होतं. नारळ कडब्याच्या भुश्शात तळाशी गेला आणि वर खिळे ठोकले गेले.

त्यांची पुढची पेटी हेडमास्तरांनी वर्गासमोर उघडली. वर चित्रं होती, आणि खाली हिरव्या काचेच्या बाटलीचा फुटका गळा. त्याला दोन पट्ट्या एकाच गाठीत बांधलेल्या, एक रेशमी फीत आणि एक आईच्या खणाची. सोबत अक्षर नव्हतं. लागतच नव्हतं. तिकडच्या कुणीतरी जहाजाखालून ती काच उचलून माझ्यासाठी आणली होती.

"वाटेत फुटलेलं दिसतंय काहीतरी," हेडमास्तर म्हणाले आणि शिपायाकडे वळले. "फेकून दे रे."

"मास्तर, ते फुटलेलं न्हाई, ते मुद्दाम..." मी उठून म्हणालो.

"मला दिसत नाही काय? बस खाली!"

मी धावलो तोवर शिपायानं तो गळा शाळेमागच्या पडक्या विहिरीत भिरकावला होता. खाली दगडावर काच फुटल्याचा आवाज मी ऐकला.

"पोचलं ना पन त्यान्ला?" आईनं विचारलं.

"पोचलं. आपली पट्टी बांधली व्हती. मास्तरनं हिरीत टाकायला लावली."

तिनं दातानं दोरा तोडला.

त्याच आठवड्यात तोच शिपाई हिरवं मखमली कापड घेऊन दारात उभा. "बाई, साहेब येऊन राहिले उद्या. टेबलावर टाकायचं हाय. चारी बाजू दुमडून द्या बरं लवकर."

आईनं मशिनीवर चादर टाकली. "न्हाई चालत."

"काहून? आत्ता तर चालून राहिली होती! आवाज आला मला."

"त्यातलं भूत रुसलं. मास्तरला म्हणावं, वळख तुमचीच हाय. तुमीच काढा समजूत."

साहेब आले तेव्हा मखमलीचे दोरे लोंबत होते. त्यांतला एक हेडमास्तरांच्या शेरवानीच्या बटणात अडकला, आणि ते सलाम करायला उठले तसं कापड, दौत आणि हजेरीबुकं सगळं साहेबांच्या मांडीवर! मी ते घरी तीनदा करून दाखवलं. आई पोट धरून हसली.

तिचा राग तिथं फिटला, माझा नाही फिटला. ती विहीर पुढं बुजवली. बाटलीचा गळा कुणी पाठवला, पोरानं की पोरीनं, ते मला कळलंच नाही. विचारायला पत्ता हवा, आणि पत्ता होता हेडमास्तरांच्या कपाटात.