कुलूपबंद गिरणी

ती दुपार अजून माझ्या कानात आहे. ठाण्यात डोळ्यांनी पाहिलेलं पुष्कळ विसरले, पण तो आवाज गेला नाही.

मी अधिकारी नव्हते. चौथीपर्यंत शिकलेली बाई. जामखेड तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात झाडलोट, पाणी आणि चहा हे माझं काम, आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. पण ठाण्यात महिला पोलीस कधी असायची, कधी नसायची. बाईमाणसाशी बोलायचं असलं की फौजदार साहेब मला जीपमध्ये बसवत. मी फारशी बोलत नसे. त्याचाही उपयोग होई, कारण गप्प बसणाऱ्या बाईजवळ माणसं बोलतात. या प्रकरणातली नावं मी लिहिणार नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. माणसं ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी, शाळेची पोरं आणि कुत्री. अशाच एका गावातून एक बाई अर्ज घेऊन आली. वय तिशीचं. गावात तिची पिठाची गिरणी होती. वर्षापूर्वी तिचा नवरा त्याच गिरणीच्या पट्ट्यात उपरणं अडकून गेला. अकस्मात मृत्यूची नोंद आमच्याच ठाण्यात झाली होती. तीन महिन्यांत हिनं गिरणी पुन्हा सुरू केली. सकाळ-संध्याकाळ गावाचं दळण, आणि शिवाय थालीपिठाची, चकलीची भाजणी दळून, पिशव्या भरून रोज दुपारी जामखेडच्या दुकानांत पोचवायची. धंदा नीट चालला होता.

"साहेब, दुपारी मी गावात नसती. गिरणीला कुलूप असतं. आन् सकाळची गेलेली लाईट बाराला आली की गिरणी चालती."

"कोण म्हणतं?"

"सगळं गाव. मी एक दिवस मुद्दाम घरी राहिले. त्या दिवशी न्हाई चालली."

"म्हणजे लोकांना भास होतोय."

तिनं पिशवीतून भाकरीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. "चावून बघा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चावला. दातांत कचकच झाली.

"गाव म्हणतं, नवऱ्याची हाडं दळून घालती ही. गिऱ्हाईक शेजारच्या गावाला चाललं. काल ऊसतोडीचा मुकादम दारात आला, म्हणाला, गिरणी भुतानं धरली, आता तू कोयता धर. मी फडात गेले तर पोरीला संगं न्यावं लागंल. सातवीत हाय ती. पयला नंबर हाय तिचा."

साहेबांनी अर्ज दाखल करून घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि आम्ही निघालो.

भर दुपारी आम्ही त्या गावात पोचलो. रस्त्यावर माणूस नाही. दारांना कुलपं, ओट्यांवर वाळलेली पानं. शाळेच्या व्हरांड्यात एक म्हातारा बसला होता. त्याला विचारलं.

"चालती की! घडीभर चालती, मग थांबती. आन् थांबल्यावर दोनदा थाप पडती. थप, थप."

गिरणीवाली बाई माझा हात घट्ट धरून उभी राहिली. गिरणीतून पीठ खाली येतं ते एका कापडी बाहीतून. दळण संपलं की तिचा नवरा त्या बाहीवर दोनदा हात मारी, अडकलेलं पीठ पाडायला. कुणाचं चिमूटभर पीठ ठेवायचा नाही, असं गावात त्याचं नाव होतं.

पंचनामा झाला. पुढचं कुलूप शाबूत. मागे एक बुटकं दार, त्यालाही कुलूप. त्याची किल्ली नवऱ्याबरोबरच गेली, असं बाई म्हणाली. गिरणीपासून चाळीस पावलांवर तिचं घर. घरात सासू अंथरुणाला खिळलेली. मी तिला आधार देऊन पाणी पाजलं. तिच्या भुवया, पापण्या पांढुरक्या होत्या. वय झालंय, म्हणून मी सोडून दिलं. ही माझी चूक.

साहेबांचा संशय शेजारच्या गावातल्या गिरणीवाल्यावर होता. फायदा त्याचाच होत होता. त्याला ठाण्यात आणून बाकावर बसवलं.

"माझं गिऱ्हाईक वाढलं ह्यो काय गुन्हा झाला का?"

"तिच्या पिठात दगडाची खर कुणी टाकली?"

तो हसायलाच लागला. "टाकाया कशाला लागती? दगड मोकळा फिरवला की आपोआप येती. दाणा नसला म्हंजी दगड दगडाला खातो. पर साहेब, आमच्या धंद्यातला कुणी आसं करायचा न्हाई. दुश्मनाची गिरणी आसली तरी न्हाई. दुधाच्या म्हशीला काठीनं मारावं का कुणी?"

साहेबांनी त्याला चहा पाजून सोडलं. मी कप विसळत होते. पंचनाम्याच्या वेळी बाहीतली धूळ मी बोटावर घेऊन हुंगली होती. ती करडी होती. तिला ज्वारीचा वास नव्हता, कसलाच नव्हता. कप तसेच ठेवून मी साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. आपणहून बोलायची ती माझी पहिली वेळ.

"साहेब, चोराला पीठ लागतं. ह्याला पीठ नकोच आहे."

"मग काय पाहिजे?"

"आवाज."

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. वर्षापूर्वी मयताचे कपडे नातेवाइकांच्या ताब्यात दिले, तेव्हा ते गाठोडं मीच बांधलं होतं. साहेबांनी मुद्देमालाची पावती काढायला लावली. धोतर, सदरा, करदोडा आणि करदोड्याला बांधलेली एक किल्ली. खाली अंगठा उठवलेला होता. तो मयताच्या आईचा होता.

दुसऱ्या दिवशी बाई रोजच्यासारखी पिशव्या घेऊन जामखेडला गेली. साहेब, एक शिपाई आणि मी शाळेत बसलो. बाराला लाईट आली आणि गिरणी सुरू झाली. दळणाचा आवाज भरलेला असतो. हा तसा नव्हता. कुणीतरी दात खावेत तसा होता.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत करड्या धुळीत म्हातारी जमिनीवर बसली होती, पाठ गिरणीला टेकून, डोळे मिटून, भुवया-पापण्यांवर तीच धूळ. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की शिपायानं टोपी काढून हातात घेतली.

"आजी, तुम्हाला तर उठता येत नाही," साहेब म्हणाले.

"भाकरी खायाला न्हाई उठवत. पोराकडं यायला उठवतं." ती डोळे न उघडता बोलली. "ह्यो आवाज आसला म्हंजी पोरगं कामावर हाय. बंद झाला की ते पुन्यांदा मरतं."

"तुमच्या सुनेचा धंदा बसत चाललाय."

आता तिनं डोळे उघडले. "माज्यामुळं? मी एक दाना टाकला न्हाई, साहेब! सुनेचं नुकसान नको म्हनून मोकळीच फिरवती."

वर्षानुवर्षं त्या गिरणीच्या पिठाची भाकरी खाल्लेली ती म्हातारी. पण गिरणीत बाईनं हात घालायचा नाही, असं नवऱ्यानं आणि मुलानं तिला शिकवलं होतं. तिला एवढंच माहीत होतं, की दाणा वाया घालवू नये.

मी तिच्याजवळ बसून तिचे दोन्ही हात धरले. साहेबांनी बटण दाबलं. दगड मंदावले, थांबले. पट्टा हलायचा थांबला. म्हातारीनं मान वर केली आणि हळूच म्हणाली, "आता ऐका."

थप. थप.

बाही हलली. थोडी धूळ खाली पडली. शिपाई दारात होता, साहेब बटणापाशी, आणि म्हातारीचे हात माझ्या हातात होते.

गुन्हा दाखल झाला नाही, अर्ज निकाली निघाला. साहेबांनी अहवालात 'अन्य काही आढळून आले नाही' असं लिहिलं आणि ते लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी बाई परतली. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता सासूवर तोंड टाकेल. ती सासूजवळ जाऊन बसली. मग म्हणाली, "आत्या, उद्यापासनं माझ्यासंगं गिरणीत येऊन बसा. पर मोकळी फिरवायची न्हाई. त्याचा दगड झिजतो."

तिनं झिजलेल्या दगडांना टाकी लावून नव्या खाचा पाडून घेतल्या. खर उरली असेल म्हणून पहिलं दळण जनावरांना घातलं. मग गावात उरलेल्या बायकांना बोलावून सगळ्यांसमोर सासूनं नव्या पिठाची भाकरी खाल्ली. आधी एक डबा आला, मग दोन. संक्रांतीपर्यंत गिरणीपुढे रांग लागली. मुकादम पुन्हा आला नाही. मुलगी शाळेतच राहिली.

फायदा कुणाचा, हे पोलीस आधी विचारतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. या प्रकरणात करणारीचा फायदा काहीच नव्हता. जिच्या प्रेमानं धंदा बुडत होता, ती एक दाणाही वाया घालवत नव्हती. तेव्हापासून ठाण्यात कुणी येऊन बसलं की, याचं काय गेलंय, हे मी मनाशी आधी विचारत असे.

म्हातारी पुढे वारली. मी अजून दळण तिथूनच आणते. माझा डबा दळून झाला की बाई बटण बंद करते. बाहीवर ती हात मारत नाही. थोडं थांबते. मीही थांबते. मग डबा उचलते.