डोमकळीचा फोटो

वीस वर्षं दारव्ह्यात फोटो स्टुडिओ चालवून मला माणसांच्या चेहऱ्यांचा वीट आला होता. मान सरळ करा म्हटलं तर ती वाकडी करणारे लोक. मग एकदा कॅमेऱ्याची लेन्स उलटी बसवली आणि मुंगीच्या मिशा दिसल्या. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी किडे शोधत हिंडायचो. बायको म्हणायची, गिऱ्हाइकाशी दोन शब्द नीट बोलत नाही आणि नाकतोड्यापुढे गुडघे टेकता.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. माझी थोरली बहीण गावी एकटीनं शेती करायची. तिचा नवरा, म्हणजे आमचे जावई, एसटीत ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी. तिचा सकाळीच फोन आला.

"कॅमेरा घेऊन ये. पंचनाम्याच्या अर्जाले फोटो लागते म्हणते."

मी गेलो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, वरून हिरवीगार होती. ताईनं एक फूल तोडून माझ्या हातात दिलं. ते उमललंच नव्हतं. पाकळ्या एकमेकींत पिळल्या होत्या. आमच्याकडे त्याला डोमकळी म्हणतात. अळी आत बसून पाकळ्या आपल्या धाग्यानं शिवून टाकते.

मी ओल्या मातीत पालथा पडलो आणि झाडावरची दुसरी डोमकळी उलट्या लेन्समध्ये घेतली. पाकळ्यांच्या कडेला ते धागे दिसले, केसाहून बारीक, उन्हात चमकणारे. एका फटीतून अळीचं डोकं बाहेर आलं. तिनं मान इतकी सावकाश वळवली की मी श्वास रोखून धरला. अंगावरचे गुलाबी पट्टे फिक्या सायीवर रंग सांडावा तसे. इतकं डौलदार काही मी कधी काढलं नव्हतं. तीन तास मी उठलो नाही.

ताई बांधावर उभी होती. "शेताचे काढले ना?"

"काढले की," मी म्हणालो. लेन्स सरळ करायचा मला कंटाळा आला होता. आणि शेतातच काढलेले फोटो शेताचेच की, असं मी स्वतःला सांगितलं.

फोटो मीच परस्पर कचेरीत तिच्या अर्जाला जोडून दिले. आठ दिवसांत तिनं पऱ्हाटी उपटून जाळली. अळी पुढच्या हंगामाला राहू नये म्हणून कृषी खात्यानं सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. रान मोकळं झालं आणि तिनं हरभरा पेरला.

मग तहसील कचेरीतून बोलावणं आलं. मीही गेलो. टेबलामागच्या साहेबांनी माझे फोटो पत्त्यांसारखे पसरले.

"फोटो सुंदर आहेत. पण यात शेत कुठे आहे? शेतकरी कुठे आहे? ही अळी कोणाच्याही शेतातली असू शकते."

"साहेब, माह्याच वावरातली हाय," ताई म्हणाली.

"मग चला, वावर दाखवा."

वावरात हरभरा उगवला होता. कचेरीत परतल्यावर साहेबांनी अर्ज बाजूच्या गठ्ठ्यात टाकला. तो नामंजुरीचा गठ्ठा होता.

बाहेर व्हरांड्यात ताईनं मला थांबवलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"म्या तुले इचारलं होतं का नाही?"

"विचारलं होतं."

"मंग खोटं काहून बोलला?"

मी म्हणालो, नियम तुला माहीत हवा होता, पंचनामा होईस्तोवर पऱ्हाटी राहू द्यायची होती. खरं तर तिला राग यावा आणि भांडण बरोबरीचं व्हावं, असं मला वाटत होतं. ती सरळ गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी तोच फोटो यवतमाळच्या एका प्रदर्शनात लावला. तिला सांगितलं नाही. पेपरात छापून आला आणि तिसऱ्या दिवशी ती स्टुडिओत हजर. मोठी केलेली प्रत काउंटरमागे टांगली होती. ती चप्पल न काढता आत आली आणि फोटोला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"हे धागे अळीनं केले?"

"हो."

"म्या रोज पाह्यल्या डोमकळ्या. हे नाही दिसलं."

मला वाटलं, राग उतरला. मी स्टूल पुढे केलं, चहा सांगू का विचारलं.

"चांगला हाय फोटो," ती म्हणाली. "म्हणूनच तर संताप येते. मी बांधावर उभी होती आन् तुले अळी दिसली." मग स्टूल बाजूला सारत म्हणाली, "चहा नको. आता माह्या वावरात पाय नको ठेवू."

मी बांधापर्यंतही गेलेलो नाही. जावई अधूनमधून स्टँडवर भेटतात, खुशाली सांगतात, ताईचं नाव टाळतात. बायकोनं दोनदा म्हटलं, तो फोटो काढून टाका, निदान ती येईल. मी काढला नाही. तो सुंदर आहे आणि तिनंही ते कबूल केलंय. माफी मागायची ती खोटं बोलल्याची. तीही अजून मागितलेली नाही.