न खरवडलेलं मेण

“जाऊन बघ, मग बोल,” असं म्हणून ते समोरच्या माणसाच्या नाकासमोर फोन धरायचे. फोनवर स्कीच्या डोंगरावरचा कॅमेरा चालू असायचा. मंडळाच्या गणपतीला प्रसादाच्या रांगेतही मी हे दृश्य पाहिलं आहे. पुढच्या बाई पुरीसाठी ताट धरून उभ्या आणि हे त्यांना बर्फ दाखवतायत.

मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात ते माझे शेजारी होते. माणूस मूळचा पुण्याचा, इंजिनिअर. चाळिशी उलटल्यावर स्की शिकला. पहिल्या वर्षी मनगट मोडून घेतलं, दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावला, तिसऱ्या वर्षी आम्हाला शिकवायला लागला. मी एकदाच गेलो आणि दिवसभर बसूनच डोंगर उतरलो. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, स्वतःला लागलेलं वेड दुसऱ्याला लागल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो. हे स्की पुजायचे. ऑक्टोबर म्हणजे इथे बर्फाचा हंगाम संपलेला. गॅरेजमध्ये पाटावर स्की मांडायचे, हळदकुंकू, फूल, पेढा. पूजा झाली की स्कीच्या तळाला इस्त्रीने मेणाचा जाड थर द्यायचे. तो तसाच ठेवायचा. पुढच्या हिवाळ्यात डोंगरावर जाण्याआधी खरवडायचा, नाहीतर स्की घसरतच नाही. “झोपवल्या,” असं म्हणून ते पेढा वाटायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी टास्मानियात, होबार्टला युनिमध्ये हवामानाचा अभ्यास करते. वहिनी गेल्यानंतर घरात ही दोघंच उरली आणि दोघांचं पटायचं ते बर्फ हा विषय सोडून. २०१९च्या खंडेनवमीला ती आली होती. मेणाचा वास सुटलेला, आणि बापलेकीची जुंपली.

“बाबा, खालच्या उतारांवर नॅचरल स्नो टिकणार नाहीये. सगळे तेच म्हणतायत.”

“सगळे कोण? एका वर्षी कमी, एका वर्षी जास्त. मी वीस वर्षं बघतोय.”

“दॅट्स वेदर, बाबा. मी क्लायमेटबद्दल बोलतेय.”

“तू शेवटची वर कधी गेलीस? जाऊन बघ, मग बोल.”

ती चिडून आत गेली. मी पेढा हातात धरून उभा. अशा वेळी शेजाऱ्याने काय करायचं असतं, मला अजून कळलेलं नाही. थोड्या वेळाने ती बाहेर आली आणि म्हणाली, “ओके. जूनमध्ये येते. आपण दोघं जाऊ. पण तुम्ही माझ्याबरोबर नीट बघायचं.” त्यांनी लगेच रजा टाकली. लहानपणी तीच त्यांच्या मागे मागे डोंगर उतरायची. त्यांना वाद जिंकायचा नव्हता, मुलगी परत डोंगरावर हवी होती. हे मला दिसत होतं, बहुधा तिलाही दिसत असावं.

मग करोना आला. टास्मानियाची सीमा बंद झाली. जूनच्या अखेरीस डोंगर थोडे दिवस उघडला, तेव्हा कुंपणावरून मी म्हटलं, “दादा, एक चक्कर मारून या.”

“बघू,” ते म्हणाले. फोन दाखवलाच. यंत्राने केलेल्या बर्फाचा एक पट्टा आणि दोन्ही बाजूंना गवत. पहिल्यांदाच त्यांनी त्यावर काही भाष्य केलं नाही.

पुढे मेलबर्न बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री संचारबंदी. दिवस एकमेकांसारखे झाले. मी लॅपटॉप उघडायचो, मिटायचो. ऑगस्टमध्ये एका सकाळी ते दार उघडेनात. हृदय बंद पडलं होतं. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, त्यात मी एक. मुलगी स्क्रीनवर होती. मध्येच तिचं चित्र अडकलं, तोंड अर्धवट उघडं राहिलं. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर काहीच आलं नाही. घरी येऊन भांडी घासली.

त्यानंतर डोंगरावर भरपूर बर्फ पडला. मी कॅमेरा बघायचो. सगळं पांढरं आणि एकही माणूस नाही.

खंडेनवमीला मुलीचा व्हिडिओ कॉल आला. “काका, गॅरेजची चावी आहे ना तुमच्याकडे? स्कीची पूजा कराल? आणि मेण?”

मी पाट मांडला, फोन शेल्फला टेकवून ठेवला. मांडण्याआधी पुसायची म्हणून एक स्की उलटी केली. तळाला जाड थर तसाच होता, इस्त्रीचे ओघळसुद्धा दिसत होते. मी नख लावून पाहिलं आणि ती फोनसमोर धरली. दुसरीही तशीच होती.

“हे गेल्या वर्षीचं आहे,” ती म्हणाली. “मी होते तेव्हाचं.”

“हो.”

“पण ते मला म्हणाले होते, जूनमध्ये जाऊन आलो. गुडघाभर बर्फ होता म्हणाले. तू वाईट वाटून घेऊ नकोस, सावकाश ये, तो कुठे पळून जात नाही, असं म्हणाले. माझ्यासमोर डेटा होता, काका. तेव्हा वर काहीच नव्हतं. पण बाबा स्वतः जाऊन बघून आलेत म्हटल्यावर मी वाद नाही घातला.”

मला तेव्हा कुठे काहीतरी झालं. पाटाशीच खाली बसलो.

“खरवडू का गं?” मी विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “राहू दे. सीमा उघडली की मी येते.”

मग मी कुंकू लावायला गेलो. मेणावर ते धरेना, सगळं बोटालाच राहिलं.