निजूनच बोलतो जी

सेलूच्या बाजारातले आमचे किराणा दुकानदार गादीवर आडवे पडूनच गिऱ्हाईक करायचे. "निजूनच बोलतो जी, मनावर नोका घेऊ," हे आधी, मग डाळीचा भाव. बायामाणसं आली की मात्र ते उठून बसत. लगेच ओठ निळे पडत, धाप लागे. पुन्हा आडवं होताच धाप थांबे, आणि ते लाजेनं भिंतीकडे तोंड करत. आम्ही सारे त्यांना आळशी म्हणायचो. डॉक्टरांनी तपासायला टेबलावर निजवलं की सगळं ठीकच निघे.

शेवटी वर्ध्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून त्यांना आधी निजवलं, मग उभं केलं. आकडा भरभर खाली आला. हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र होतं. उठलं की अशुद्ध रक्त त्यातून पलीकडच्या शुद्ध रक्तात मिसळायचं. मांडीच्या शिरेतून नळी घालून ते छिद्र बुजवलं.

आता ते खुर्चीवर बसतात. दुपारी सारा बाजार कलंडतो, तेव्हा त्यांचाही डोळा लागतो, पण ताठ बसल्या बसल्या. मी पायरी चढलो की दचकून म्हणतात, "झोपलो नाई जी, बसूनच हाव."

मी काही विचारलेलं नसतं. तरी माझी मान खाली जाते.